एम.ए. अर्थशास्त्र: गुळाच्या सौद्यापासून अर्थमितीपर्यंत

बी.ए.ला मागणीचा नियम लिहिला की गुण मिळतात. 'इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की मागणी कमी होते.' व्याख्या, कोष्टक, डावीकडून उजवीकडे उतरणारी रेषा, खाली गृहीतकं, संपलं. एम.ए.च्या पहिल्याच सत्रात तोच नियम परत समोर येतो. या वेळी प्रश्न मात्र वेगळा असतो: कशावरून? आणि कुणाच्या बाबतीत?

अर्थशास्त्रात एम.ए. करायचं ठरवलेली मुलं-मुली कोल्हापुरात दर जूनला भेटतात. कुणी गारगोटीहून येतं, कुणी गडहिंग्लजहून, कुणी शिरोळहून. बहुतेकांचं बी.ए. मराठी माध्यमातून झालेलं असतं आणि बारावीला गणित नसतं. 'तेच सगळं पुन्हा, फक्त जाड पुस्तकातून' अशी समजूत करून ती वर्गात बसतात आणि दुसऱ्या आठवड्यात घाबरतात. मीही घाबरलो होतो. एम.ए.ला नेमकं काय बदलतं हे तेव्हा कुणी आपल्या भागातली उदाहरणं घेऊन सांगितलं असतं, तर माझं एक सत्र वाचलं असतं. म्हणून हा लेख.

दोन म्हशींचं घर

राधानगरी तालुक्यातलं एक घर धरू. दावणीला दोन म्हशी, दोन्ही वेळचं मिळून १२ लिटर दूध. १० लिटर डेअरीला जातं, २ लिटर घरात राहतं. दर लिटरला ५० रुपये होता, तो ५५ झाला. आता या घरात दूध कमी प्यायलं जाईल की जास्त?

सासू म्हणते, "दर वाढलाय, आणि लिटरभर डेअरीला घाल." सून म्हणते, "आत्ती, महिन्याला दीड हजार जास्त येत्यात की. पोरांच्या तोंडातलं कशाला काढायचं?"

दोघींचंही बरोबर आहे. घरात प्यायलेला प्रत्येक लिटर आता ५० ऐवजी ५५ रुपयांना पडतो, कारण तो डेअरीला घातला असता तर तेवढे पैसे आले असते. म्हणून सासू दूध वाचवायला बघते. याला पर्यायता परिणाम म्हणतात. पण दर वाढल्यामुळे घरच श्रीमंत झालं आहे: रोज १० लिटरवर ५ रुपये, म्हणजे महिन्याला १,५०० रुपये. हातात पैसा आला की माणूस चांगलंचुंगलं खातो. सून जे बोलली तो उत्पन्न परिणाम.

राजारामपुरीत पिशवीचं दूध घेणाऱ्या घरात हे दोन्ही परिणाम एकाच दिशेला ओढतात. दूध महाग झालं आणि त्या घराची ऐपतही तेवढी घटली, म्हणून खरेदी कमी होते. दूध विकणाऱ्या घरात ते एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, त्यामुळे दर वाढूनही घरात जास्त दूध प्यायलं जाऊ शकतं. नियम मोडला का? तसं नाही. नियमाच्या आत दोन वेगळ्या हालचाली होत्या आणि बी.ए.ला आपण त्या एकत्र मोजत होतो.

युजीन स्लट्स्की या अर्थशास्त्रज्ञाने या दोन हालचाली गणिताने सुट्या करून १९१५ साली मांडल्या. ते समीकरण त्याच्याच नावाने ओळखलं जातं आणि एम.ए.च्या सूक्ष्म अर्थशास्त्रात ते सुटत नाही. फळ्यावर बघितलं की भीती वाटते. मी तरी ते आता 'सासू अधिक सून' असंच शिकवतो. एक पद सासूचं, एक सुनेचं. सुनेच्या पदाचं चिन्ह कोणतं, हे ते घर दूध विकतं की विकत घेतं यावर ठरतं.

१९१५ म्हटलं की मला आणखी एक गोष्ट आठवते. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. केलं आणि त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. पुढे लंडनमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. मार्च १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगावची परिषद झाली, तेव्हा व्यासपीठावर बसलेला तो तरुण अर्थशास्त्राचा एम.ए. होता. माणगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. या विषयावर आपला हक्क नाही असं ज्या मुलांना वाटतं, त्यांना मी हे आवर्जून सांगतो.

हमीभाव आणि ऊस: 'अवलंबून आहे' म्हणायला शिकणं

बी.ए.चं दुसरं ठरलेलं उत्तर असं: सरकारने बाजारभावापेक्षा वर किमान किंमत ठरवली की पुरवठा वाढतो, मागणी घटते आणि माल पडून राहतो. परीक्षेत हे उत्तर चालतं. पण जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत कुणी हे बोललं तर लोक ऐकून घेणार नाहीत, आणि त्यांचं फारसं चुकणारही नाही.

उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघणारी साखर) क्विंटलमागे ३४० रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये जादा, असा तो दर होता. उतारा १२ टक्के धरला तर १७.५ वेळा ३.३२, म्हणजे ५८ रुपये १० पैसे वाढतात. टनाला ३,९८१ रुपये झाले, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. हा हिशेब आपल्याकडे पारावर बसलेला माणूसही तोंडी करतो. एम.ए. त्याच्या पुढचं विचारतं: हा किमान दर नसता तर काय झालं असतं?

तोडलेला ऊस ठेवून चालत नाही. तो वाळतो, साखर घटते, आणि लांब न्यायला परवडत नाही. म्हणून एका टापूत विकणारे हजारो आणि घेणारे एक-दोन, अशी स्थिती येऊ शकते. बाजारात विकणारा एकच असला की मक्तेदारी होते, हे आपल्याला माहीत असतं. घेणारा एकच असला तर क्रेता-मक्तेदारी होते. तिचं गणित मजेशीर आहे.

धरा, कारखाना टनाला ३,००० रुपये देतो आणि १०० टन ऊस येतो. खर्च ३ लाख. आणखी १० टन हवा असेल तर दर ३,१०० करावा लागेल. पण नवा दर फक्त नव्या दहा टनांना देऊन भागत नाही, आधीच्या शंभर टनांनाही द्यावा लागतो. ११० टनांचे ३ लाख ४१ हजार झाले. म्हणजे नवे १० टन ४१ हजारांना पडले, टनाला ४,१००! दर ३,१०० दिसतो, पण कारखान्याला तो जादा टन ४,१०० ला पडतो. साहजिकच तो हात आखडता घेतो: कमी ऊस, कमी दर.

आता सरकारने ठरवलं की ३,१०० च्या खाली कुणी घ्यायचा नाही. मग पहिला टनही ३,१०० ला आणि एकशे दहावाही ३,१०० ला. कारखान्याला ऊस कमी घेऊन दर पाडायची सोयच राहिली नाही, म्हणून तो जास्त ऊस घेईल. किमान किंमत लावल्यावर खरेदी वाढली! बी.ए.च्या उत्तराच्या अगदी उलट.

म्हणून शेतकरी संघटना बरोबर आणि पुस्तक चूक, असं म्हणून मोकळं होता येत नाही. हे उत्तर घेणारे किती आहेत यावर अवलंबून आहे. आपल्या जिल्ह्यात कारखाने एकमेकांच्या जवळ आहेत आणि उसासाठी त्यांची ओढाताण चालते. काही जण ऊस गुऱ्हाळाला घालतात आणि गुऱ्हाळाला एफआरपी लागू नाही. बरेच कारखाने सहकारी आहेत, म्हणजे ऊस घालणाराच कागदावर मालक. शिवाय किमान दर फारच वर ठेवला आणि साखरेचा भाव पडला, तर जुनंच उत्तर परत खरं होतं आणि शेतकऱ्याची बिलं थकतात. क्रेता-मक्तेदारी किती खरी आणि किती कागदावरची, हे मोजावं लागतं. एम.ए.ची दोन वर्षं खरं तर एवढ्यासाठीच असतात: 'अवलंबून आहे' म्हणायचं, कशावर अवलंबून आहे ते नेमकं सांगायचं, आणि मग ते मोजून दाखवायचं. नुसतं 'अवलंबून आहे' म्हणून थांबणारा विद्यार्थी आणि नुसतं पाठ उत्तर लिहिणारा विद्यार्थी, दोघेही अर्ध्या वाटेत थांबलेले असतात.

हेच गणित मजुरीलाही लागू पडतं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन वाढल्यावर शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली. रोजगार घटेल अशी अपेक्षा होती, तसं त्यांना आढळलं नाही. त्यांचा लेख १९९४ चा. त्यावर वाद खूप झाला, पण २०२१ च्या नोबेलमध्ये कार्ड यांचा वाटा होता. क्रूगर तोवर हयात नव्हते.

गणिताची भीती आणि पाण्याची पाळी

गणित टाळून हे होणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण लागणारं गणित मोजकं आहे: अवकलन, थोडं आव्यूहांचं (मॅट्रिक्स) काम, संभाव्यता. बारावीच्या पुस्तकातले हे धडे जून-जुलैत बसून केले तर दिवाळीपर्यंत पाय जमिनीला लागतात.

सगळ्यात जास्त मुलं जिथे अडतात तो भाग म्हणजे लाग्रांजचा गुणक. फळ्यावर ग्रीक अक्षर लॅम्डा येतं आणि वर्गात शांतता पसरते. तेच आपण शेतात नेऊ.

पाणीपुरवठा संस्थेकडून तुम्हाला हंगामात पाण्याच्या १० पाळ्या मिळतात. अर्ध्या रानात ऊस, अर्ध्यात भाजी. कशाला किती पाळ्या? समजा उसाला दिलेल्या शेवटच्या पाळीने उत्पन्न १,२०० रुपयांनी वाढलं आणि भाजीला दिलेल्या शेवटच्या पाळीने ३,००० नी. मग उसाची एक पाळी काढून भाजीला द्यायची, १,८०० चा फायदा. असं करत गेलं की भाजीतली वाढ कमी कमी होत जाते, उसातली वाढत जाते आणि एका ठिकाणी दोन्ही सारख्या होतात. समजा २,००० वर. आता पाळ्या इकडच्या तिकडे करून काही मिळत नाही. वाटणी बरोबर झाली.

तो २,००० म्हणजे लॅम्डा. अकरावी पाळी मिळाली तर साधारण किती मिळेल, ते तो आकडा सांगतो. शेजारी त्याची पाळी १,५०० ला द्यायला तयार असेल तर घ्या, २,५०० मागत असेल तर नको म्हणा. संस्थेची पाणीपट्टी काहीही असो, तुमच्या रानात पाण्याची खरी किंमत ही आहे. पुस्तकात तिला छाया किंमत म्हणतात. माझ्या वडिलांच्या पिढीतले शेतकरी हा हिशेब डोक्यात करत होते. गणित फक्त तो कागदावर आणतं, म्हणजे दहा पाळ्यांच्या जागी दहा हजार असल्या तरी चुकत नाही.

पूर आला आणि उत्पन्न घटलं, पण किती?

अर्थमिती, म्हणजे इकॉनॉमेट्रिक्स, हा माझा आवडता पेपर. मुलांना हा सगळ्यात कोरडा वाटतो. त्यात आकडेवारी आहेच, पण तिचा जीव एका प्रश्नात आहे: 'हे झालं नसतं तर काय झालं असतं?' ती दुसरी दुनिया कुणालाच दिसत नाही. तिचा अंदाज बांधायच्या युक्त्या म्हणजे अर्थमिती.

ऑगस्ट २०१९ चा महापूर घ्या. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. त्या वर्षी पंचगंगा त्याच्या कितीतरी वर गेली. शिरोळ तालुक्यातली गावं पाण्यात होती. पुरामुळे घरांचं उत्पन्न किती घटलं हे काढायचं आहे.

आता मी समजुतीसाठी आकडे घेतो, ते खरे नाहीत. नदीकाठच्या गावात घराचं महिन्याचं सरासरी उत्पन्न पुराआधी १२,००० होतं, नंतर ९,००० झालं. घट ३,०००. पण त्याच काळात पूर न आलेल्या माळावरच्या गावातही ते १३,००० वरून १२,५०० वर आलं, कारण त्या वर्षी इतरही काही बिघडलं असेल. ते ५०० वजा करा. पुराचा परिणाम २,५००. फरकातला फरक काढायचा, म्हणून या पद्धतीचं नावही तेच आहे. नुसतं पुरानंतरच्या दोन गावांकडे बघणारा ३,५०० म्हणाला असता, आणि त्यातले १,००० तर पुराआधीच होते.

एवढ्यावर खूश होऊ नका. खरं काम इथून सुरू होतं. पूर आला नसता तर दोन्ही गावं सारख्याच चालीने गेली असती, असं आपण गृहीत धरलं. ते खरं आहे का? नदीकाठची मळीची जमीन आणि वरचं माळरान, दोन्हीकडची पिकं वेगळी, पाणी वेगळं. मागच्या चार-पाच वर्षांचे आकडे काढून दोन्हींची चाल जुळते का ते बघावं लागतं. आणि त्याहून बारीक गोष्ट: पूरग्रस्त गावातले मजूर काम नाही म्हणून माळावरच्या गावात गेले, तिथली मजुरी पडली. मग ज्या गावाशी तुलना करतोय तेच पुराने हललं की! ते ५०० देखील काही अंशी पुराचेच निघतात आणि आपलं उत्तर कमी येतं. हे लक्षात यायला सूत्रापेक्षा गाव माहीत असणं जास्त उपयोगी पडतं. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याचा हात इथे दिल्लीच्या विद्यार्थ्यापेक्षा वर असतो. हे मी मनापासून सांगतोय.

स्थूल अर्थशास्त्राबद्दल थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेची सहा जणांची समिती रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो दर, ठरवते; महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ टक्के इकडे-तिकडे, ठेवायची असते. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याच्या कर्जाचा हप्ता तिथून हलतो. एम.ए.ला यात नवीन येतं ते 'अपेक्षा' नावाचं प्रकरण: उद्या काय होईल असं लोकांना वाटतं, त्यावर आजचा भाव ठरतो. हा भाग मुलं सगळ्यात जास्त पाठ करतात आणि सगळ्यात लवकर विसरतात.

कुठे, आणि पुढे काय

शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये सुरू झालं. तिथे अर्थशास्त्राचा विभाग आहे. बाहेर जायचं असेल तर पुण्याची गोखले संस्था आहे, १९३० पासूनची. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या सोबत होते. अर्थशास्त्रज्ञ आणि ऊस हे नातं आपल्याकडे जुनं आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. दिल्ली विद्यापीठासाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि आयआयटींची जॅम परीक्षा २०२१ पासून अर्थशास्त्रातही घेतली जाते. या बाहेरच्या परीक्षांत अडचण इंग्रजीपेक्षा गणिताची असते.

एम.ए. झाल्यावर प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट लागते. केंद्र सरकारची भारतीय आर्थिक सेवा आहे, तिची परीक्षा यूपीएससी घेते आणि तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागात अधिकारी घेतात. या जागा थोड्या आहेत. बहुतेकांना काम मिळतं ते आकडे हाताळता येतात म्हणून: बँका, सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, कंपन्या. म्हणून दोन वर्षांत एक तरी सॉफ्टवेअर हाताशी बसवाच. आर आणि ग्रेटल फुकट आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणीचे घराघरांचे आकडेही सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येतात. २०२३-२४ मध्ये ग्रामीण भारतात माणशी मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये होता, हे वर्तमानपत्रात वाचायला मिळतं. त्या सरासरीच्या आत कोण दडलंय, ते मूळ आकडे उघडल्यावरच दिसतं.

माध्यमाबद्दल माझं मत ठाम आहे. पुस्तकं इंग्रजीत वाचा, विचार मराठीत करा. 'सासू अधिक सून' मराठीत समजलं असेल तर ते इंग्रजीत लिहायला एक रात्र पुरते. उलट करणाऱ्यांचं सत्र जातं.

आणि पहिल्या वर्षाच्या दिवाळी पाडव्यानंतर एक काम करा. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात. महिनाभर रोज वहीत दोन आकडे लिहा: त्या दिवशीची आवक आणि क्विंटलचा भाव. महिन्याने आलेख कागदावर तीस ठिपके मांडा. बी.ए.च्या भरवशावर तुम्हाला वाटेल की खाली उतरणारी रेषा दिसेल. दिसणार नाही. ठिपके विखुरलेले असतील, कारण प्रत्येक ठिपक्यात त्या दिवशीची मागणीही आहे आणि पुरवठाही. संक्रांतीच्या तोंडावर आवक वाढूनही भाव चढू शकतो. एल्मर वर्किंग यांनी १९२७ मध्ये नेमकं हेच विचारलं होतं: बाजारातल्या आकड्यांवरून काढलेली ही रेषा मागणीची की पुरवठ्याची?

आता वहीत तिसरा रकाना काढा आणि त्यात कोल्हापूर भागात अवकाळी पाऊस झाला की नाही ते लिहा. पाऊस झाला की जळणाची चिपाडं (रस काढलेला ऊस) भिजतात, गुऱ्हाळाचं चुलवाण पेटत नाही, गुऱ्हाळं बंद पडतात आणि आवक घटते. पण आपला गूळ ज्या गुजरातेत जातो, तिथल्या गिऱ्हाइकाला कोल्हापूरच्या पावसाशी देणंघेणं नसतं. त्याची मागणी होती तिथेच राहते. म्हणजे पाऊस फक्त पुरवठ्याची रेषा हलवतो. पावसाचे दिवस आणि कोरडे दिवस वेगळे काढून त्यांच्यातला आवकीचा फरक आणि भावाचा फरक बघा. गुळाच्या मागणीची रेषा तिथे सापडायला लागेल.